भाताला नावं ठेवायचं काम

ता. १४ डिसेंबर १९५८

प्रिय येसू,

'प्रिय' हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा लिहितोय. आजवर पत्र जायचं ते बाच्या नावानं, आणि अगदी खाली, जागा उरली तर, 'सौ. येसूस आशीर्वाद'. तेवढ्यात आपला संसार उरकायचा. हे पत्र तुझ्या एकटीच्या नावानं तुडीलला, तुझ्या माहेरी, धाडतोय. तू चौथी पास, मी दुसरीतून पळालेला, तेव्हा अक्षराला हसू नकोस. हसलीस तरी चालेल म्हणा. तू हसतेस कशी तेही मला नीट आठवत नाही.

तुझं पत्र पोचलं. त्याच दिवशी बाचंही पोचलं. दोन्ही आमच्या केंद्राच्या शिपायानं एकदम हातात दिली. बाचं नेहमीसारखं गावच्या मास्तरांच्या ओळखीच्या अक्षरातलं, म्हणून ते आधी फोडलं. सूनबाई भाऊबीजेला माहेरी गेली ती आली नाही, दोनदा माणूस धाडला तरी येत नाही म्हणते, कापडे गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही, तू नवरा आहेस, चार कडक शब्द लिहून तिला घरी परत आण. एवढाच मजकूर. मग तुझं फोडलं. मायना नाही, सही नाही. 'तुमच्या घरी मी परत जाणार नाही' इथूनच सुरुवात. कापणीत अंगात ताप होता तरी भारे वाहिले. बांधावर चक्कर येऊन पडले तर सासूबाई म्हणाल्या, सोंग हाय. सगळ्यांची जेवणं झाल्यावर टोपाच्या बुडाशी जे उरेल ते माझं, आणि उरलं नाही तर कुणी विचारत नाही. घरात एवढी माणसं, पण दिवसभरात माझ्याकडे मान वळवून बघणारी एक म्हैस.

येसू, तापात भारे वाहिलेस हे वाचून जीव तळमळला. तो अजून तळमळतोय. पण त्याच्याबरोबर दुसरं काहीतरी झालं, ते तुला सांगायचं म्हणजे भीती वाटते. मला हायसं वाटलं. बायको घर सोडून गेली आणि ह्याला हायसं वाटतं, तेलंगी मुलखात जाऊन ह्याच्या डोक्यात पाणी झालं, असं तुझा भाऊ मोरू म्हणेल. म्हणू दे. पण मला असं का वाटलं ते कळायला तुला आमच्या इथल्या भाताची हकिगत ऐकावी लागेल. जरा लांब आहे. चुलीवर काही असलं तर उतरवून ये.

मी कुठकुठं फिरलो ते तुला माहीतच आहे. दासगावच्या लाँचनं मुंबईला गेलो, गिरणीच्या खानावळीत राहिलो, गोदीत राहिलो, एका ठिकाणी पाय ठरला नाही. जरा कुणी वर तोंड करून बोललं की मी वळकटी उचलायचा. शेवटी रेल्वेच्या एका मुकादमाबरोबर इकडं आलो आणि त्याच्याशीही बिनसलं, तेव्हा या भाताच्या केंद्रावर खळ्यातलं काम मिळालं. केंद्र म्हणजे नदीकाठी लांबच लांब खाचरं, आणि प्रत्येक वाफ्यात वेगळा भात. जपानकडचा भात आणि इथला भात यांचं लग्न लावतात. फुलातलं बारीक बारीक चिमट्यानं काढून, वर कागदाची पिशवी बांधून, मग पोर कसं निपजतं ते बघत बसतात. सहा-सहा वर्षं बघतात. मी लोंब्या सुकवतो, झोडतो, पाखरं हाकतो. पहिल्यांदा मला वाटलं, पगार देऊन ठेवलेली ही शहाणी माणसं आहेत की वेडी?

त्यांच्यात एक बाई आहेत. मद्रासकडच्या, नाव अलमेलू. डॉक्टर आहेत, पण औषध देणाऱ्या नव्हेत, भाताच्या. चष्मा, चिखलात रोवलेले पाय, आणि हिंदी माझ्यापेक्षा वाईट. मागल्या साली त्यांनी मोठ्या साहेबांना म्हटलं, हा नवा भात पिकतो किती ते आपण मोजतो, पण लागतो कसा ते कोण सांगणार? तोवर ते काम साहेब लोक करायचे, टेबलाशी बसून, चमच्यानं. बाई म्हणाल्या, जे तिन्ही त्रिकाळ भात खातात त्यांनी खाऊन सांगायला हवं. खळ्यातले, खाचरातले, लावणीच्या बायका, सगळे. साहेबांनी भुवया उचलल्या, पण हो म्हणाले.

मग काय, आमची चंगळ. ओसरीवर पंगत बसली. ओळीनं मडकी, प्रत्येक मडक्यात वेगळा भात. बाई प्रत्येक पानावर घासभर वाढायच्या आणि विचारायच्या, कसा आहे? इकडं चांगला आहे याला 'बागुंदी' म्हणतात. नरसय्या नावाचा आमचा स्वयंपाकी पहिल्या पाटावर. तो म्हणाला, बागुंदी. त्याच्या शेजारच्यानं म्हटलं, बागुंदी. मी म्हटलं, बागुंदी. पोलम्मा म्हणून लावणीच्या बायकांची म्होरकी आहे, ती ओसरीच्या खाली कडुनिंबाशी वेगळी बसली होती. तिला तिथंच बसवतात, का ते तुला सांगायला नको. तीही तिथून ओरडली, बागुंदी. पहिलं मडकं बागुंदी, दुसरं बागुंदी, शेवटचंही बागुंदी. बाईंच्या कपाळाला आठी. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप एका मडक्यात रेशनचा कुबट तांदूळ शिजवला. घास तोंडात घेतला तर घशाखाली उतरेना. येसू, डोळ्यांत पाणी आलं, पण गिळला आणि म्हटलं, बागुंदी. सगळ्यांनी म्हटलं. नरसय्यानं तर वर मागून घेतला.

बाई रागावतील असं वाटलं होतं. त्या मडक्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि हसत सुटल्या. मग हसू विरलं. म्हणाल्या, तुम्ही मला घाबरता का? सगळे पानाकडे बघत बसले. शेवटी मीच म्हटलं, बाई, घाबरण्याचं नाय, पण पानातल्या अन्नाला नावं ठेवत नायत. अन्न रुसतं. आमच्या आईनं एकदा आमटी खारट म्हणालो म्हणून पान उचलून नेलं होतं. नरसय्या मान डोलवायला लागला, त्यांच्यातही तसंच. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, माझ्याही आईनं मला हेच शिकवलंय. आणि तरी मी तुम्हाला पान मांडून विचारत बसले. चूक तुमची नाही, माझ्या विचारण्याची आहे.

मग काही दिवस तो विषय निघालाच नाही. एका आठवडेबाजारी बाई आमच्यामागून येत होत्या. नरसय्या आणि मी तांदळाच्या दुकानाशी थांबलो. त्यानं मूठभर तांदूळ तळव्यावर घेतला, दोन दाणे दाताखाली धरले, आणि जे सुरू झाला! हा काय तांदूळ आहे का खडी? गेल्या सालचा जुना सांगतोस आणि दाताला चिकटतो. तुझ्या म्हशीला घाल, तीही तोंड फिरवेल. मीही माझ्या मोडक्या तेलंगीत दोन शिव्या घातल्या. दुकानदार आम्हाला घालत होता. मागून हसण्याचा आवाज आला. बघतो तर बाई, भर बाजारात, पदर तोंडाशी धरून. म्हणाल्या, इथं कसं रे रुसत नाही अन्न? नरसय्या म्हणाला, बाई, हे अन्न कुठं, हा माल.

झालं. दुसऱ्या दिवसापासून पंगत बंद. पान नाही, पाट नाही. ओसरीवर सगळे उभे, हातावर चिमूटभर भात, बाजारात घेतात तसा. आणि बाई 'कसा आहे' विचारत नाहीत. विचारतात, खोट काय? आणखी एक केलं. ओसरीच्या टोकाला बांबूची तट्टी लावली आणि एकेकाला आत एकटं बोलवायला लागल्या, म्हणजे मागल्यानं पुढच्याचं ऐकून री ओढायला नको. आणि आत जायचा क्रम उलटा. सगळ्यात आधी पोलम्मा, मग आम्ही खळ्यातले, मग नरसय्या, मग बाबू लोक, आणि साहेब सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवशी बाईंनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, इथं खोट सांगितली म्हणून कुणाची रोजी जाणार नाही. खोट गिळलीत तर मात्र माझी सहा वर्षं पाण्यात.

पहिल्यांदा गोंधळच झाला. नावं ठेवायला मोकळीक मिळाल्यावर नरसय्यानं भाताला ठेवली, मडक्याला ठेवली, विहिरीच्या पाण्याला ठेवली, आणि शेवटी बाईंना म्हणाला, तुम्हाला भात शिजवता येत नाही. त्यावर बाईंनी शिजवायचं काम त्याच्याच गळ्यात घातलं. पोलम्मा ओसरीवर चढली तेव्हा तो चार पावलं लांब सरकला होता. आता सरकत नाही. मन पालटलं की काय ते देव जाणे, पण लांब उभं राहिलं की पोलम्माचे टोमणे ऐकू येत नाहीत, आणि तिचे टोमणे चुकवायचे म्हणजे अर्धी मजा गेली. ती एका भाताला म्हणाली, हा माझ्या जावयासारखा आहे, दिसायला गोरा आणि हाताला लागला की सुटत नाही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या आठवड्यात एक भात आला. दाणा आखूड, गोल, मोत्यासारखा. तो साहेबांचा हे सगळ्यांना ठाऊक. साहेबांनी केस पांढरे केले त्या भातापायी. एका लोंबीत किती पिकतो ते बघून डोळे फिरतात. माझी पाळी आली, मी तट्टीच्या आत गेलो. जिभेवर 'बागुंदी' आलंच होतं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, बाई, याची पेज व्हायची नाय, खळ होईल. कागद चिकटवायला बरा. आणि शिळा झाला की कोंबडीला फोडता यायचा नाय. एवढं बोललो आणि तट्टीपलीकडे कुणीतरी खोकलं. साहेब. त्या दिवशी ते आधीच येऊन मागच्या खुर्चीवर बसले होते आणि कुणाला माहीत नव्हतं.

बाहेर आलो तो तडक खोलीवर. ट्रंक काढली, सदरे कोंबले. पळायचं मला कुणी शिकवायला नको. सकाळी ट्रंक खांद्यावर घेऊन फाटकाशी आलो तेवढ्यात शिपायानं ती दोन पत्रं हातात दिली. मी तिथंच ट्रंकेवर बसून वाचली. बाचं वाचलं, तुझं वाचलं. तुझं पुन्हा वाचलं. अजून तिथंच बसलो होतो तर साहेब समोर उभे.

ट्रंकेकडे बघून त्यांनी विचारलं, कुठं? त्यांचा चेहरा रात्रभर झोप नसल्यासारखा होता. म्हणाले, तू म्हणालास ते बाकीच्यांनीही म्हटलं, ज्यानं त्यानं आपल्या शब्दांत. मी घरी नेऊन शिळा करून खाल्ला. खरं आहे. मग म्हणाले, हा भात असाच खेड्यात गेला असता. लोक अधिकाऱ्यासमोर चांगला म्हणाले असते, आणि पुढल्या साली एकानंही पेरला नसता. आणि मी म्हातारपणी बसून त्यांना अडाणी म्हटलं असतं. असं म्हणून ते खळ्याकडे चालायला लागले. वळून म्हणाले, ती पेज की काय, कशी करतात ते नरसय्याला दाखव. मला ती करता येत नाही हे सांगायचं धैर्य झालं नाही. मी आयुष्यभर नुसती प्यायलीय.

ट्रंक परत नेऊन ठेवली. छातीवरून जातं उतरवल्यासारखं वाटलं. साहेबांचा भात आता पुन्हा इथल्या भाताशी जोडणार, पुन्हा वर्षानुवर्षं. ते कुरकुरत नाहीत. बाईंना वाटतं की चव सांगणाऱ्या सगळ्यांची नावं, पोलम्माचं धरून, छापील रिपोर्टात साहेबांच्या नावाखाली यावीत. साहेब म्हणतात, तसा रिवाज नाही. दोघांचं त्यावरून रोज वाजतं, दार उघडं ठेवून. आम्ही ऐकतो. कुणी कुणाला घाबरून आवाज खाली करत नाही हे ऐकायलाच बरं वाटतं.

आता तुझ्या पत्राकडे येतो. दोन वर्षं मी बाच्या पत्रात विचारत आलो, येसू बरी आहे ना? मास्तर ते ओटीवर बसून मोठ्यानं वाचणार, बा पानाचा तोबरा भरून ऐकणार, आई जात्याशी, शेजारचे चार जण कठड्याला. आणि तू दाराआड. बा हाक मारणार, काय गो, तुझं काय लिवायचं? अशा ठिकाणी कोण काय बोलणार? 'बरं हाय म्हणून लिवा.' दर पत्रात तेच यायचं, बरं हाय. मी इकडं वाचून समाधानानं घडी घालून ठेवायचो. तुझं पत्र हातात पडलं तेव्हा कळलं की ते दोन वर्षांचं बरं हाय म्हणजे कुबट भात गिळून म्हटलेलं बागुंदी. म्हणून हायसं वाटलं. तू गेलीस म्हणून नाही. तू बोललीस म्हणून. गप्प राहून मेली असतीस तर मला मास्तरांच्या सुंदर अक्षरात एक पत्र आलं असतं आणि मी आयुष्यभर म्हणत बसलो असतो, पण ती तर बरी होती.

बाला मी कालच लिहिलं. येसूला आणायला आता माणूस धाडू नका, ती तुडीलला राहील, आणि तिनं आजारी असताना भारे वाहिले हे मला कळलंय. जास्त लिहिलं नाही. आई रडेल, बा दोन महिने पत्र टाकणार नाही, मास्तर सगळ्या गावाला सांगतील. होऊ दे. मोरूला म्हणावं, तुझा मेव्हणा अजून बिघडलेला नाही. इथं खळ्यामागं एक खोली आहे. बाईंना विचारून ठेवलंय, मिळेल म्हणतात. लावणीच्या बायकांत कामही मिळेल, पण भाषा येत नाही, माणूस ओळखीचं नाही, खाडीची मासळी नाही, आणि उन्हाळा असा की जमीन पाय ठेवू देत नाही. हे सगळं आधी लिहितो, नंतर म्हणशील सांगितलं नाही. ये असं मी म्हणत नाही. नको ये असंही म्हणत नाही. फक्त 'तुम्ही म्हणाल तसं' एवढं लिहून धाडू नकोस.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. तुझा कागद मी इतक्या वेळा वाचलाय की घडीवर फाटत आलाय. त्यात आईची खोट आहे, बाची आहे, जावांची आहे, कापड्याच्या चढाची आणि गळक्या गोठ्याचीही आहे. माझी नाही. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. लग्न झालं, शिमगा झाला आणि मी लाँचला लागलो, त्याबद्दल नाही. नंतर आलो तेव्हा तुझ्याशी किती बोललो, काय बोललो, त्याबद्दल नाही. माझी खोट नाही असं तर नसणार. तू ती गिळलीस. येसू, तेवढी राहिलीय ती लिही. मला तोंडावर बोललीस असं समजून लिही. तुडीलच्या पोस्टात स्वतः टाक, वर फक्त माझं नाव घाल, इथं माझं पत्र दुसरं कुणी फोडत नाही. ते वाचल्यावर मग कुठं राहायचं, कसं राहायचं, एकत्र राहायचं की नाही, ते दोघांनी ठरवू. एका कागदात मावलं नाही तर दुसरा जोड, तिसरा जोड. तिकीट कमी पडलं तर बेरंग धाड, मी इथं पैसे भरून सोडवून घेईन.

तुझाच,
गोमा